परत न ओतलेले पाणी

देवीच्या भक्तनिवासामागे गेल्या हिवाळ्यात जे डबके साचले, ते माझ्या एका वाक्याने साचले. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ज्यांची ज्यांची मला किळस आली त्यांत मीही आहे, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील.

आसेगावहून मंगरुळपीरकडे जाताना रस्त्यालगत एक टेकाड लागते. त्यावर आमच्या देवीचे देऊळ आहे, देवळाशेजारी दुमजली भक्तनिवास आहे आणि दोहोंच्या मध्ये विहीर. काळ्या दगडात खोदलेली ही विहीर जुनी आहे. देवीच्या अभिषेकाचे पाणी पहाटे सोवळ्यात हिच्यातूनच काढले जाते. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्त झाल्यावर गावी परतलो, तेव्हापासून देवस्थानाची समिती विधिनिषेधाच्या बाबतीत मला विचारते. कोणत्या तिथीला घट बसवायचा, ग्रहणात गाभारा केव्हा मिटायचा, सुतकातल्या माणसाने पायरी चढावी की नाही, असे ते प्रश्न असतात. मी पोथी पाहतो आणि सांगतो. लोक ऐकतात. माणूस बिघडायला एवढे पुरे असते.

पूर्वी भक्तनिवासात आंघोळीच्या पाण्यासाठी मोठी भट्टी होती. मार्गशीर्ष आणि पौषात दूरदूरचे लोक नवस फेडायला येतात, मुक्काम करतात आणि पहाटे स्नान करून दर्शनाला उभे राहतात. आधी भट्टीत बाभळीचे सरपण आणि शेतातली कापसाची वाळकी पऱ्हाटी जळत असे. मग सरपण महागले आणि भट्टीवरचा माणूस हाती येईल ते लोटू लागला: मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, चपला, एकदा तर ट्रॅक्टरचा जुना टायर. त्या पहाटे मी अभिषेकाचे दूध ओतीत होतो आणि दुधावर काजळीचे कण तरंगत होते. मी ते दूध फेकले. दुसरे मागवले, तर त्यावरही कण आले. शेवटी डोळे मिटून अभिषेक उरकला. देवीपुढे मी डोळे मिटले ते ध्यानासाठी नव्हे, हे त्या दिवशी तिलाही कळले असेल.

म्हणून शहरात राहणाऱ्या एका भक्ताने नवसपूर्तीचे निमित्त करून भक्तनिवासाला उष्णतेचा पंप अर्पण केला, तेव्हा सर्वांत अधिक आनंद मला झाला. यंत्र बसवायला एक तरुण अभियंता मुलगी आली होती. ती मला आजोबा म्हणे. तिने विहिरीच्या काठावर बसून मला समजावले.

"आजोबा, थंडीत पहाटे विहिरीतून घागर वर आली की तिच्यावर वाफ दिसते ना?"

"दिसते. पाणी कोमट असते."

"जमिनीच्या पोटातले पाणी बारा महिने जवळजवळ एकाच उबेचे असते. बाहेर गारठा असला तरी त्याला कळत नाही. हे यंत्र त्या पाण्यातली थोडी ऊब काढून घेते आणि आंघोळीच्या पाण्यात भरते. फ्रीज कसा आतली ऊब काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसेच. वीज लागते, पण थोडी. जाळायचे काही नाही. ती ऊब सूर्याने जमिनीत साठवलेली आहे, दरवर्षी पुन्हा साठते."

सूर्याने पृथ्वीच्या उदरात ठेवलेली ठेव आणि ती धुराशिवाय काढून घेण्याची युक्ती! मी त्या मुलीकडे कौतुकाने पाहत राहिलो. धूर नसलेले अग्निकार्य, असे मी त्याला मनातल्या मनात नावही दिले.

यंत्र बसले आणि शेवटचा नळ जोडायची वेळ आली. ऊब काढून घेतलेले पाणी कुठे सोडायचे? मुलगी म्हणाली, जिथून घेतले त्या विहिरीत. समितीचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. अध्यक्ष हे सोयाबीनचे अडते. त्यांनी मला हाक मारली.

"गुरुजी, ह्या बाई म्हन्तात का मशीनमंदून निंगालेलं पानी पुन्हा देवीच्या इहिरीत सोडाचं. चालते काय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी थोडा थांबलो. थांबून बोललेल्या वाक्याला वजन येते, हे मला वर्गात शिकवून शिकवून ठाऊक होते.

"हंड्यातून काढलेले पाणी उरले, तर आपण ते परत हंड्यात ओततो का? वाहिलेले फूल पुन्हा देवीला वाहतो का? यंत्राने भोगलेले पाणी अभिषेकाच्या विहिरीत जाता कामा नये."

"आजोबा," ती मुलगी शांतपणे म्हणाली, "पाणी यंत्राला भोगायला मिळतच नाही. आत पातळ पत्रे आहेत. एका बाजूने विहिरीचे पाणी जाते, दुसऱ्या बाजूला वेगळा द्रव असतो. त्यांची भेट होत नाही, फक्त ऊब पलीकडे जाते. आणि एक घागर पाणी कढत करायला विहिरीच्या चार-पाच घागरी यातून फिराव्या लागतात. त्या परत गेल्या नाहीत, तर विहीर उपसून निघेल."

मी तिला म्हणालो, "मुली, यंत्र कसे चालते ते तुला कळते. विहीर कोणाची आहे, ते आम्हाला कळते."

कोणीतरी "वा!" म्हणाले. दोघे माझ्या पाया पडले. मुलीने हातातला नकाशा घडी करून पिशवीत ठेवला. भक्तनिवासाच्या मागे तीन हातांवर नाली होती. नळाचे तोंड तिकडे वळवण्यात आले.

मार्गशीर्ष फार छान गेला. देवळाचा कळस धुतल्यासारखा दिसू लागला. दुधावर काजळी नाही, डोळ्यांत धूर नाही. पहाटे नळ सोडला की कढत पाणी येई. पण लाकूड जळताना दिसत असे, तेव्हा माणसे पाणी जपून घेत. आता जळताना काही दिसेना, तेव्हा पाण्याला अंतच नाही असे त्यांना वाटू लागले. नळ सुरू ठेवून लोक चहाला जात. देवीच्या उंबऱ्यावर नाक घासून आलेला एक गृहस्थ त्याच कढत पाण्याने आपली चारचाकी धूत होता, मी पाहत उभा राहिलो, तर म्हणाला, "गुरुजी, चिखल लवकर निंघते." बायका गोधड्या धुवायला आणू लागल्या. आणि प्रत्येक सांडलेल्या घागरीमागे विहिरीच्या चार-पाच घागरी नालीत जात होत्या, हे मला ऐकून ठाऊक होते. ऐकलेले आणि मानलेले यांत किती अंतर असते, ते मी तेव्हा मोजले नाही.

पौषाच्या अखेरीस एका सकाळी टेकाडाच्या पायथ्याशी राहणारी माळीण माझ्या ओट्यापुढे येऊन उभी राहिली. तिचा अर्ध्या एकराचा मळा आहे. त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधून ती मंगरुळपीरच्या बाजाराला जाते. नवरा वारला आहे. मुलगा आणि सून तिच्यासोबत राहतात. तिच्या हातात पिवळ्या पडलेल्या मेथीची जुडी होती.

"गुरुजी, जरा बाहीर या. सोवळ्यात असान त राहू द्या, मी दुरूनच बोलते."

"काय झाले, बाई?"

"इहीर आटून राह्यली. रातभर झिरपून गुडघाभर पानी होते, अन् सकाळी मोटर लावली का घटकाभरात खरखर."

"यंदाचा पाऊस—"

"पावसाले नाव नोका ठिवू. पाऊस बराबर झाला. वर तुमची मशीन दिसभर पानी ओढून राह्यली अन् नालीत सोडून राह्यली. वरची इहीर अन् माही इहीर एकाच झऱ्याच्या हायेत. माह्या सासऱ्यानं आमची खंदली, तवा देवीच्या इहिरीचं पानी आठ दिस गढूळ आलतं. इचारा कोनत्याई म्हाताऱ्याले."

विचारायला म्हातारा मीच होतो. मला ते आठवत होते. लहानपणी त्या आठ दिवसांत आम्ही पाणी फडक्याने गाळून प्यालो होतो.

"पोरगा म्हन्ते पुन्याले चाल," ती म्हणाली. "बिल्डिंगीची राखन करू, राहाले खोली भेटते. शिवरातीपर्यंत वाट पाह्यतो म्हन्ते, नाईतं मोटर इकून निंगतो. मी एकली इथं काय करू? वांग्यायशी बोलू?"

"ते पाणी परत विहिरीत घालता येत नाही, बाई. ते उष्टे झालेले असते."

"कोनं उष्टं केलं?"

"यंत्रातून गेलेले पाणी—"

"गुरुजी, दूध थंड कराले आपन त्याचा गंज परातीतल्या पान्यात ठिवतो. मंग परातीतलं पानी दुधाचं होते काय?"

जन्मभर ज्यांना व्याप्ती आणि दृष्टान्त शिकवले, त्यांतल्या एकानेही मला इतका नेमका दृष्टान्त दिला नव्हता.

"ते पानी आमी गाईले पाजतो," ती म्हणाली. "अन् गाय तुमाले चालते. चला, दाखोते तुमाले काय करून ठिवलं ते."

भक्तनिवासाच्या मागे मी कधी जात नसे. तिकडे नाली आहे, उकिरडा आहे, म्हणून माझी वाट ठरलेली होती: घर, विहीर, गाभारा. त्या दिवशी मी नाकाला उपरण्याचे टोक लावून तिच्यामागे गेलो.

यंत्राच्या नळातून मनगटाएवढी धार पडत होती. इतके स्वच्छ पाणी की धारेतून पलीकडची भिंत दिसत होती. आणि ते पडत होते महाप्रसादाच्या पत्रावळ्यांच्या ढिगावर, न्हाणीघरातून आलेल्या शेवाळी फेसात. नाली कधीच तुंबली होती. पाणी उताराने पसरून त्याचे मोठे डबके झाले होते. वर शांपूच्या पुड्या आणि वांग्याच्या भाजीचा तवंग तरंगत होता. देवीच्या गळ्यातून उतरलेले हार कोणीतरी तिथेच फेकले होते. त्यांच्यावर बसून एक डुकरीण आपल्या पिलांना पाजत होती. तिच्या कानाला झेंडूची पाकळी चिकटली होती. डबक्याच्या काठाने अळ्या वळवळत होत्या. वास उपरण्यातून आत येत होता आणि तो वास आंबलेल्या साबणाचा होता, की माझ्या त्या वाक्याचा, हे मला सांगता येत नव्हते.

माळीण म्हणाली, "हे पानी इहिरीत टाकलं त बाटते, अन् इथं टाकलं त पुन्य लागते. बराबर हाय ना?"

मी समितीच्या बैठकीला गेलो. न बोलावता गेलो, हेही मला नवे होते. मी उभा राहून सांगितले की यंत्रातून निघणारे पाणी शुद्ध आहे, ते विहिरीत परत सोडले पाहिजे, माझा निर्णय चुकला होता.

अध्यक्ष हसले. "गुरुजी, तुमीच त सांगतलं होतं. शास्त्र का मईन्या-मईन्याले बदलते काय?"

"शास्त्र बदलले नाही. माझे चुकले."

"तवा चुकलं होतं का आता चुकून राह्यलं, हे कोनं ठरवाचं?" दुसऱ्या सदस्याने विचारले, आणि सगळे खो-खो हसले. वयाचा मान राखून हसले, तोंडापुढे हात धरून.

त्यांच्यातला एक भोळा होता. तो म्हणाला, "अन् इहिरीपर्यंत नळ न्याचा म्हटल्यावर आंगनातली फरशी कोन फोडन? नवी कोरी हाय. म्हून त तवा तुमाले इचारलं होतं. तुमी नाईच म्हनसान, हे समद्यायले मालूम होतं."

अध्यक्षांनी त्याला कोपर मारले. पण मला ऐकायचे ते ऐकून झाले होते. त्यांना निर्णय नको होता; फरशी वाचवायला एक म्हातारा हवा होता, आणि तो थांबून थांबून बोलणारा असल्याने त्यांचे काम अधिक चांगले झाले होते. मी घरी आलो आणि दोनदा हातपाय धुतले.

दुसऱ्या सकाळी अभिषेक आटोपल्यावर, लोक मंडपात असतानाच, त्यांच्यासमोरून मी पळी आणि पंचपात्र घेऊन भक्तनिवासाच्या मागे गेलो. चिखलात दगड टाकून वाट केली. यंत्राच्या नळाखाली पंचपात्र धरले, डबक्याकडे पाठ केली आणि तीन वेळा आचमन केले. पाणी गोड आणि गार होते, आमच्याच विहिरीचे. पण वास नाकात भरलेला होता, त्यामुळे तिसऱ्या आचमनाला घशाशी आले. ते गिळून मी अर्घ्य दिले. माझा विचार सरळ होता. जो माणूस दुसऱ्याच्या घरचा चहा पीत नाही, तो हे पाणी पितो, एवढे लोकांनी पाहिले की वाद संपेल.

पाहिले मात्र दुसऱ्याच लोकांनी. मानोरा गावाकडच्या तांड्यावरून नवस फेडायला आलेली काही मंडळी वरच्या गच्चीवर कपडे वाळत घालीत होती. त्यांतली एक म्हातारी लगबगीने खाली आली.

"बाबा, हे कोनतं पानी हाय?"

"विहिरीचेच आहे, माय. शुद्ध आहे."

"मंग इहिरीवर न घेता इथं कायले घेता?"

तिला पत्रे, द्रव आणि ऊब समजावून सांगायला मी तोंड उघडले. तोवर तिने ओंजळ पुढे केली होती. ती प्याली, उरलेले डोक्यावरून फिरवले आणि नळाला नमस्कार केला.

दुपारी नळाला कुंकू लागलेले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाशी नारळ फुटले. तिसऱ्या दिवशी रांग लागली. लोक बाटल्या, कॅन, दुधाच्या पिशव्या घेऊन त्या चिखलात उभे होते. पायांखाली पत्रावळ्यांचा लगदा, शेजारी डुकरे, आणि मुखात देवीचा जयघोष. एकाने अगरबत्त्यांचा पुडा डबक्याच्या कडेला रोवला. कोणी म्हणे, या पाण्याने गुडघ्यांचे दुखणे थांबते. कोणी म्हणे, यंत्र बसवताना देवीने दृष्टान्त दिला होता. विहीर शंभर पावलांवर होती, तिच्याकडे कोणी फिरकत नव्हते. मी आयुष्यात पुष्कळ भाबडेपणा पाहिला आहे आणि तो मला नेहमी हृद्य वाटला आहे. या वेळी मला त्याचा उबग आला. तीन आचमनांनी मी जे सांगू पाहिले, ते ऐकणारा एकही माणूस त्या रांगेत नव्हता.

शिवरात्रीला चार दिवस उरले असताना अध्यक्ष माझ्या घरी आले. चप्पल बाहेर काढून, हात जोडून.

"गुरुजी, गडबड झाली. तीर्थ नालीत जाऊन राह्यलं म्हून लोक आमच्या नावानं बोंबलून राह्यले. कमिटीचं ठरलं, फरशी फोडाची अन् नळ इहिरीत सोडाचा."

"उत्तम."

"पन एक बात हाय. फरशी फोडाच्या आंदी तुमी समद्यायसमोर एकदा सांगून टाका का हे तीर्थच हाय. नाईतं उद्या कोनी म्हनन, मशीनचं पानी देवीच्या इहिरीत कायले टाकलं. तुमच्या तोंडून आलं का झालं."

त्यांना खरे सांगणे माझ्या हाती होते. हे तीर्थ नाही. हे साधे पाणी आहे, उबेने थोडे उणे झालेले, आणि ते विहिरीत जायला हवे याचे कारण एवढेच की ते विहिरीचे आहे आणि खाली कोणीतरी त्यावर जगते. पण हे मी एकदा सांगून पाहिले होते आणि त्यावर हशा झाला होता. माझ्या ओट्यावरून टेकाडाचा उतार दिसतो. माळिणीच्या मुलाने मोटर विहिरीतून वर काढली होती. बांधावर बसून तो तिला ओल्या कापडाने पुसत होता, जशी माणसे विकायच्या वस्तू पुसतात.

असत्य बोलू नये, हे मी हजारो मुलांकडून घोकून घेतले आहे. मी अध्यक्षांबरोबर देवळात गेलो. मंडपात दोनशे माणसे असतील. त्यांनी विचारले, "गुरुजी, हे तीर्थ हाय ना?"

मी म्हणालो, "आहे."

या वेळी मी थांबून बोललो नाही. तरीही जयजयकार झाला. त्याच दुपारी लोकांनी भजन म्हणत नवी कोरी फरशी फोडली, चर खणला, नळ विहिरीत सोडला. अध्यक्षांनी पहिली पहार मारली आणि कोणीतरी त्यांचा फोटो काढला. मी घरी जाऊन तोंड धुतले, चुळा भरल्या, पुन्हा भरल्या. जीभ काही स्वच्छ झाल्यासारखी वाटेना.

शिवरात्र झाल्यावर मी माळिणीच्या मळ्यात गेलो. विहिरीच्या तळाशी आधी झरा नुसता पाझरत होता, तिथे आता दोन पायऱ्या बुडाल्या होत्या. मोटर परत बसवलेली होती आणि तिचा मुलगा पलीकडे वाफे करीत होता. वांग्यांची वाळलेली झाडे उपटून तिने बांधावर रचली होती.

"वांगे गेले, मेथी गेली," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "पोरगा राह्यला."

"बाई, मी लोकांना खोटे सांगितले. ते तीर्थ नव्हते."

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मोठ्याने हसली. "मले मालूम हाय. तीर्थ असतं त माह्या वांग्यायले काहून नाई लागलं? जनमभर खरं बोलून इहीर आटोली, अन् एकडाव खोटं बोलले त पानी आलं. आता त्याचं पाप लागन त तुमचं तुमी पाहा, बाप्पा. मले भेंडी लावाची हाय."

मी तिला काही तरी उत्तर देणार होतो. पाण्याची जीभ सरीतून पुढे सरकत माझ्या पायांपर्यंत आली होती आणि तिथे अडून दोन्ही बाजूंना फुटत होती.

"सरका जरा तिकडं," ती म्हणाली. "सरीत उभे हा तुमी."